पिवळ्या स्कूटरवरचा माल

‘प्यार तो होना ही था’ हा चित्रपट १९९८ साली आला आणि त्याच्या शीर्षकगीताने पुढची काही वर्षे लग्नाचे मांडव व्यापून टाकले. शहागंज, राजाबाजार, सराफा या परिसरातील व्यापारी घराण्यांच्या समारंभांतही ते गीत वाजत राहिले आणि एरवी नव्या गाण्यांना नाके मुरडणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनीही त्यावर ताल धरला. जसपिंदर नरुला यांच्या भरदार आवाजासोबत या गीतात जो किंचित खरखरीत, पाश्चात्त्य वळणाचा पुरुषी आवाज आहे, तो रेमो फर्नांडिस यांचा. त्याआधी तीन वर्षे, १९९५ मध्ये, ‘बॉम्बे’ चित्रपटातील ‘हम्मा हम्मा’मुळे तोच आवाज घराघरांत पोचला होता. चित्रपटाने हा गायक घडवला असे बहुतेकांना वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. चित्रपटसृष्टी या गायकाच्या दारी गेली, त्या वेळी त्याने आपला माल स्वतः तयार करून, स्वतः बाजारात नेऊन विकलेला होता.

तो माल म्हणजे १९८४ साली निघालेली ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत. इंग्रजीत ‘गोइंग क्रेझी’ म्हणजे वेड लागणे. त्यातील ‘गोइंग’च्या जागी ‘गोअन’ बसवून केलेला हा श्लेष. गीते स्वतः लिहिलेली, चाली स्वतः बांधलेल्या, आवाज स्वतःचा, वाद्ये स्वतः वाजवलेली, ध्वनिमुद्रण राहत्या घरात, वेष्टनाची रचना स्वतःची, प्रकाशनही स्वतःचे. आणि वितरण? तेही स्वतःच. एक पिवळी स्कूटर, तिच्यावर ध्वनिफितींचा गठ्ठा आणि गोव्यातील एकामागून एक दुकाने. संगीताच्या जाणकारांनी या फितीविषयी त्यांच्या परीने लिहिले आहे. परंतु ही हकीकत खऱ्या अर्थाने उमगेल ती ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन खेडोपाडी फेरी केली, त्यांच्या वंशजांना.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीत झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता. पोर्तुगीज, कोकणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांची गाणी एकाच वयात कानांवर पडावीत, असा तो काळ आणि तसा तो प्रदेश. पुढे मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयातून त्यांनी वास्तुविशारदाची पदवी घेतली. पदवी हाती आली की कार्यालय थाटावे, बांधकामाची कामे मिळवावीत, घर उभे करावे, हा सरळ मार्ग होता. त्यांनी तो धरला नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटेत मिळेल त्या वाहनाने फिरले, गात राहिले आणि ऐंशीच्या सुमारास गोव्यात परतले. बार्देश तालुक्यात शापोरा नदीच्या काठी शिवोली नावाचे गाव आहे. तेथील पिढीजात घरात त्यांनी बस्तान मांडले.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण ‘गोअन क्रेझी’च्या वेष्टनावर सर्वत्र एकाच माणसाचे नाव असणे ही केवळ हौस नव्हती. त्यामागे गोव्याच्या संगीतकारांच्या दोन-तीन पिढ्यांचा इतिहास आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही विद्या घेऊन शेकडो तरुण मुंबईस आले. हॉटेलांतील जाझ वाद्यवृंदांत त्यांनी उमेदवारी केली आणि नंतर ते हिंदी चित्रपटसंगीतात शिरले. आपले बहुतेक संगीत-दिग्दर्शक चाल बांधत. पण चाळीस-पन्नास वादकांनी कोणत्या क्षणी काय वाजवायचे याची मांडणी कागदावर उतरवणारा माणूस निराळा असे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची अशी मांडणी सेबॅस्टियन डिसोझा करीत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तील पाश्चात्त्य थाटामागे चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रम्पेटवादकाचा हात होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे नामवंत शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन ज्या नावाने गाणे म्हणत मिरवतात, ते नाव या शिक्षकाला शिष्याने दिलेली मानवंदना आहे. किती प्रेक्षकांना हे तेव्हा ठाऊक होते?

ज्या तबकड्या औरंगाबादच्या घराघरांत वाजल्या, त्यांच्या वेष्टनावर ही नावे बहुधा नसत. कारागिराला मजुरी मिळे, छाप दुसऱ्याची लागे. व्यापारात हे नित्याचे आहे. पैठणी विणणारा विणकर आणि ती विकणारी पेढी यांचा संबंध याहून वेगळा नसतो, आणि पेढीवाल्यांनी ते मनातल्या मनात तरी मान्य केले पाहिजे. या पार्श्वभूमीवर शिवोलीच्या घरात बसून एका गोवेकराने सगळी कामे स्वतः केली आणि सगळीकडे स्वतःचे नाव घातले, याचा अर्थ लक्षात घ्यावा लागतो.

अर्थात, हे सारे तत्त्व म्हणून घडले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मुंबईतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांना या गाण्यांत रस नव्हता, हे त्याचे व्यवहारी कारण. त्याबद्दल कंपन्यांना दोष देण्याची पद्धत पडली आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. १९८० च्या आसपास भारतातील संगीताचा बाजार म्हणजे प्रामुख्याने चित्रपटगीतांचा बाजार. इंग्रजी गाणी ऐकणारा वर्ग लहान, आणि त्या वर्गाला हवे असत ते मूळ परदेशी गायक. येथील वाद्यवृंदांनी हॉटेलांत आणि महाविद्यालयांत परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करावी, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. भारतीयाने इंग्रजीत स्वतःची गाणी लिहावीत, तीही गोव्याच्या मातीविषयी, आणि ती कोणी विकत घ्यावीत, असा मागील व्यवहार कोणत्याही वहीत नोंदलेला नव्हता. असा प्रस्ताव बँकेच्या कर्ज विभागात आला असता तर तेथेही हेच झाले असते. मागील तीन वर्षांचे ताळेबंद नाहीत, मागणीचे पत्र नाही, तारण म्हणून दाखवण्याजोगा साठा नाही. यंत्र तारण राहू शकते. गाणे तारण राहू शकत नाही. अधिकारी कितीही रसिक असला तरी त्याची सही अशा कागदावर उमटत नाही, आणि ठेवीदारांच्या पैशाचा विचार करता ती उमटू नये हेही खरे. संस्थेचा नकार योग्य असू शकतो आणि तरीही माल चांगला असू शकतो. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे बाजारात मुरलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मग घरात ध्वनिमुद्रण कसे झाले? हा भाग रंजक आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली जी लहान कॅसेट आणली, तिच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात. दोन पट्टे एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. म्हणून कॅसेट उलटून लावता येते. टीॲक या जपानी कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याने हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने फिरवली. फायदा असा की चार पट्ट्यांवर चार वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेळी मुद्रित करता येऊ लागल्या. सोमवारी ताल, मंगळवारी तो ऐकत ऐकत गिटार, बुधवारी बासरी, गुरुवारी आवाज. तोटा असा की एरवी साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटे मावत. चारांहून अधिक वाद्ये हवी असतील तर भरलेले तीन पट्टे चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा भरायचे. प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर थोडी वाढते आणि एकदा एकत्र केलेले पुन्हा सुटे करता येत नाही. पहिल्याच टप्प्यावर ताल किती मोठा ठेवायचा, हे शेवटचा आवाज मुद्रित होण्यापूर्वीच ठरवावे लागते. रोजच्या रोज रोकड जुळवून वही बंद करण्यासारखीच ही शिस्त होती. काल चुकले ते आज खोडता येत नाही.

रेमो यांनी अशाच चार पट्ट्यांच्या यंत्रावर शिवोलीच्या घरी आपली फीत तयार केली. एकटा माणूस स्वतःशीच साथ करतो आहे, स्वतःच्याच आवाजामागे स्वतःच कोरस गातो आहे, हे दृश्य शेजाऱ्यापाजाऱ्यांना गमतीचे वाटले असेल तर नवल नाही. मुंबईच्या मोठ्या स्टुडिओची स्वच्छता अशा मुद्रणाला येणे शक्यच नव्हते.

आता हिशेबाकडे. स्टुडिओचे भाडे शून्य, वादकांचे मानधन शून्य, चित्रकाराचे शून्य, वितरकाची दलाली शून्य. खर्च उरतो तो यंत्राचा, कोऱ्या फितींचा, छपाईचा आणि स्कूटरच्या पेट्रोलचा. कागदावर हा धंदा अतिशय हलका दिसतो. परंतु कोणताही अनुभवी मुनीम येथे बोट ठेवील आणि विचारील, घरभाडे कोठे दाखवले? दोन वेळचे जेवण कोठे? वास्तुविशारद म्हणून त्या काळात जे उत्पन्न झाले असते आणि झाले नाही, ते कोणत्या खाती मांडले? परदेशातून परतल्यापासून फीत निघेपर्यंत चारेक वर्षे गेली. फीत निघाली तेव्हा गायकाचे वय एकतीस होते. पिढीजात घराचे छप्पर हे या उद्योगातील सर्वांत मोठे भांडवल होते आणि ते कोणत्याही वेष्टनावर छापलेले नाही. कलावंत एकट्याच्या बळावर उभा राहिला, असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा हे बिनव्याजी कर्ज हिशेबातून हमखास निसटते.

माल तयार झाला, पण विकायचा कसा? येथे भूगोल मदतीला आला. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे; १९८१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास. शिवोलीहून म्हापसा आठ-दहा किलोमीटर, म्हापशाहून पणजी तेरा, पणजीहून मडगाव तेहतीस. सकाळी निघालेला माणूस स्कूटरवर मुख्य बाजारपेठा उरकून रात्री घरी जेवायला येऊ शकतो. एवढ्या लहान मुलखात वितरकाची गरज नसते, पाय हवेत. मुंबईतील कंपनीच्या दृष्टीने गोवा ही नकाशावरची एक लहान खूण होती. स्कूटरवरच्या माणसासाठी तीच संपूर्ण बाजारपेठ. कंपनी म्हणत होती, या मालाला देशात गिऱ्हाईक नाही. ते म्हणणे चुकीचे नव्हते. पण देश हे फार मोठे माप झाले. दहा लाखांच्या मुलखात काही हजार गिऱ्हाइके पुरेशी असतात, आणि तेवढी आहेत की नाहीत हे मुंबईच्या कार्यालयात बसून कळत नाही.

अनोळखी माल दुकानदार रोखीने उचलत नाही. आपल्याकडे असा माल जांगडीवर देण्याची रीत आहे. विकला तर पैसे, न विकला तर परत. दुकानदाराचे यात काही जात नाही असे वरवर दिसते, परंतु त्याची काउंटरवरची जागा अडते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा शब्द गुंततो. ‘हे ऐकून बघा, आपल्या शिवोलीचा मुलगा आहे’ असे तो गिऱ्हाइकाला म्हणाला की मग ती वस्तू अनोळखी राहत नाही. जो स्वतः माल घेऊन येतो, त्याला दुकानदार तोंडावर चार गोष्टी ऐकवतोही. वेष्टन फिके आहे, नाव लांबून वाचता येत नाही, किंमत पाच रुपयांनी उतरवा. वितरकामार्फत माल पाठवणाऱ्या कंपनीला ही बोलणी कधी ऐकू येत नाहीत. गाणे लिहिणाऱ्याच्या कानी ती थेट पडतात.

त्या वर्षांतील कॅसेटचा धंदा आठवणारी मंडळी शहागंजात अजून आहेत. घड्याळाच्या मनोऱ्यापासून सिटी चौकापर्यंत आणि शहरात इतरत्रही त्या काळी कॅसेटच्या दुकानांचे पेव फुटले होते. आखाती देशांतून परतलेल्यांनी टेपरेकॉर्डर आणले, ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या तुलनेत कॅसेट स्वस्त पडू लागली आणि ज्या घरांत पूर्वी केवळ रेडिओ होता, तेथेही संगीत विकत घेतले जाऊ लागले. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटनी एचएमव्हीची मक्तेदारी हलवली, ती याच दशकात. गल्लीतील दुकानात गाण्यांची यादी द्यावी आणि संध्याकाळी कॅसेट भरून न्यावी, हा तर सर्वमान्य रिवाज होता. त्यात काही गैर आहे असे फार थोड्यांना वाटे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली, चोरट्या प्रतींसाठी शिक्षा वाढली, तरी भरून देणे चालूच राहिले. मोठ्या कंपनीला अशा शंभर प्रतींनी ओरखडाही उठत नसे. ज्याने स्वतःच्या खिशातून दोन-चारशे फिती काढल्या आहेत, त्याच्यासाठी प्रत्येक भरलेली कॅसेट म्हणजे एक बुडालेली विक्री. आणि तरीही, चमत्कारिक वाटेल, पण अशाच भरून घेतलेल्या कॅसेटींनी अनेक गाण्यांना त्यांच्या मुलखाबाहेर नेले. हिशेबाच्या वहीत ही नोंद कोणत्या बाजूला करावी, यावर दोन लेखापालांचे एकमत होणार नाही.

गोव्याने ही फीत स्वीकारली. यात भाषेचा प्रश्न गुंतागुंतीचा होता. कोकणी की मराठी, हा वाद तेथे पेट घेण्याच्या बेतात होता; १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. कोकणी गीतांची परंपरा जोमात होती. तियात्रातील गाणी होती, ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या गाण्यांनी एक पिढी वेडावली होती. अशा वेळी कोणी इंग्रजीत गातो म्हणजे तो आपल्यापासून दुरावला, असे म्हणणे सोपे होते. परंतु ऐकणाऱ्यांना त्या इंग्रजीत आपलेच बोलणे ऐकू आले असावे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत जशी इंग्रजी बोलली जाते तशी ती होती; लंडनची उसनवारी नव्हती. हैदराबादी उर्दूत आणि मराठवाडी मराठीत वाढलेल्या शहागंजच्या माणसाला हे चटकन समजेल. शुद्ध भाषा एक असते आणि दुकानाच्या पायरीवर बोलली जाणारी निराळी. घरच्या माणसाला दुसरीच ओळखीची वाटते.

पहिल्या फितीच्या यशाचे सर्वांत खात्रीचे प्रमाण म्हणजे दुसरी फीत. १९८५ साली ‘ओल्ड गोअन गोल्ड’ निघाली. तीत रेमो यांनी गोव्याची जुनी पारंपरिक गाणी नव्या साजात आणली. पहिल्याच प्रयत्नात स्वतःचे नवे गाणे विकून दाखवल्यावर त्यांनी वडिलार्जित ठेव उघडली, हा क्रम चाणाक्ष आहे. बहुतेकजण याच्या उलट करतात. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ आला. १९६१ च्या गोव्यातील एका जुन्या ख्रिस्ती घराण्याची ही कथा लोटली येथे मारियो मिरांडा यांच्या वाड्यात चित्रित झाली आणि तिच्यासाठी बेनेगल यांना खऱ्या गोव्याचा आवाज हवा होता. तो रेमो यांच्याकडे होता. मुंबईने ज्याला परत पाठवले, त्याच्याकडे मुंबईच चालत गेली. १९८६ मध्ये अमली पदार्थांविरुद्धची ‘पॅक दॅट स्मॅक’, १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ आणि त्याच वर्षी ‘जलवा’ चित्रपटाचे शीर्षकगीत, अशी पुढची पावले पडली. २००७ साली पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

येथपर्यंतची कथा सुखान्त आहे, म्हणून ती सांगणे सोपे. याच दशकात किती जणांनी घरी फिती केल्या, दुकानांत ठेवल्या आणि वर्षभराने धूळ झटकून परत नेल्या, त्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. जांगडीचा परत आलेला माल वहीत एका ओळीत मिटतो. व्यापारी घरांची भीती नेमकी तेथे आहे आणि ती अनाठायी नाही.

कारण आता हा प्रश्न शिवोलीचा राहिलेला नाही. शहागंजच्या जुन्या वाड्यांत, आणि जे वाडे सोडून सिडकोत व उस्मानपुऱ्यात राहायला गेले त्यांच्या सदनिकांत, गाणी लिहिणारी एखादी नात किंवा नातू आज असतोच. बी.कॉम. झाले आहे, सी.ए.ची एक परीक्षा झाली आहे, दिवसा दुकानाचा जीएसटी तोच भरतो आणि रात्री दार लावून गिटार वाजवतो. त्याच्याजवळच्या संगणकात पट्टे चार नाहीत, शेकडो आहेत. चुकले तर पुसता येते. गाणे जगभर पोचवायला स्कूटर लागत नाही. वर्षाकाठी थोडे शुल्क भरले की ते प्रत्येक मोबाइलवर उपलब्ध होते. आणि तरीही आजोबांसमोर हा विषय निघाला की घरात शांतता पसरते. “चालेल का हे?” एवढेच आजोबा विचारतात. प्रश्न कठोर वाटतो, पण त्यांच्या तोंडी तो अगदी साधा आहे. नव्या वाणाच्या साडीविषयीही त्यांनी आयुष्यभर तोच विचारला.

नातवाजवळ उत्तर म्हणून आकडे असतात. अमुक इतक्या वेळा ऐकले गेले, तमुक शहरांतून. या आकड्यांना आजोबा मान डोलावतात. परंतु त्यांचा विश्वास बसत नाही, आणि या बाबतीत आजोबांची बाजू अधिक बळकट आहे. जो ऐकणारा नाव सांगत नाही, पैसे मोजत नाही आणि आवडले नाही तर तोंडावर सांगत नाही, त्याला गिऱ्हाईक म्हणणे कठीण आहे. पिवळ्या स्कूटरवरच्या माणसाला नकारही मिळत. पण ते समोरासमोर मिळत आणि त्यांतून पुढच्या खेपेला काय बदलायचे ते कळे. आजच्या गायकाला नकारच मिळत नाही. त्याचे गाणे इतर लाखो गाण्यांत शांतपणे पडून राहते आणि ते आवडले नाही की कोणाच्या कानीच पडले नाही, हे त्याला अखेरपर्यंत समजत नाही.

घराला यात करण्याजोगे पुष्कळ आहे. पैसे देणे हा त्यातला सर्वांत लहान भाग. महागडा मायक्रोफोन घेऊन देणे आणि मग विषय टाळणे, हे अनेक घरांत होते. माडीवरची एक खोली, ठरावीक मुदत आणि त्या मुदतीत रोज संध्याकाळी ‘गाणे पैसे कधी देणार’ असे न विचारण्याचा संयम, हे खरे भांडवल आहे. मुदत मात्र सांगितलेली असावी, दोन वर्षे किंवा तीन. वहीत खाते उघडावे आणि त्यावर नातवाचे नाव असावे. छपराचे भाडे त्यात न वसुलीच्या बोलीने का होईना, पण मांडावे. म्हणजे आपल्याला किती मिळाले हे त्यालाही कळेल आणि आपण किती दिले याचा उगाच बोभाटा घरात होणार नाही.

आणि मालाची फेरी त्याने स्वतः करावी. शहागंजातील कॅसेटची कपाटे केव्हाच भंगारात गेली. त्या जागी मोबाइलची कव्हरे टांगलेली आहेत. तेथे गाणे ठेवता येणार नाही. पण शहरात महाविद्यालये डझनांनी आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सवाचे मंडप आहेत. संत एकनाथ रंगमंदिराचे भाडे पहिल्याच वर्षी परवडणार नाही, आणि एवढ्या खुर्च्या रिकाम्या पाहणे कोणालाही बरे वाटत नाही. महाविद्यालयातील एखादा वर्ग संध्याकाळी मागितला तर मिळतो. चाळीस बाके, एक गिटार, ध्वनिक्षेपकाचीही गरज नाही. तिकीट पन्नास रुपये ठेवावे. फुकट ठेवू नये. घरातली माणसे पहिल्या रांगेत बसवू नयेत, शेवटच्या रांगेत बसवावीत, म्हणजे गाणे चालू असताना कोण उठून गेले ते त्यांना दिसेल.